जोंगाचे पासिंग

लष्करी डिस्पोजलची, म्हणजे सैन्याने वापरून लिलावात काढलेली, गाडी घेणारा माणूस आमच्या भागात सहसा इंजिनापासून सुरुवात करतो. बॉनेट उघडून तेल बोटांवर चोळून बघतो, पुढची चाके हलवून किंग पिनचा खेळ अजमावतो आणि गाडी चालू होण्यासारखी आहे एवढे पटले की व्यवहार ठरवून मोकळा होतो. कागदांचे मागाहून बघू, एजंट आहेच, असे म्हणायची रीत पडून गेली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडचे चंदगड, गडहिंग्लज या टापूत अशा गाड्या पुष्कळ आल्या. त्यांतल्या कितीतरी आज गोठ्यामागे, काजूच्या बागेत किंवा एखाद्या वर्कशॉपच्या कुंपणालगत कागदांवाचून अडून उभ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा गाड्यांचे इंजिन चांगला मेस्त्री आठवड्याभरात सुरू करून देईल.

माझे म्हणणे असे की सैन्यातून बाहेर आलेली गाडी जुळवण्याचे काम चासी नंबर आणि विक्रीचा दाखला यांपासून सुरू व्हायला हवे. पत्रा, रंग आणि इंजिन ही त्यानंतरची कामे आहेत. आमच्या घरच्या जोंगाचे, म्हणजे सैन्यातून निघालेल्या जीपसारख्या गाडीचे, पासिंग (आरटीओतली नोंदणी) करून घेताना ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून ते काम कसे होत गेले हे तपशिलाने लिहितो.

जोंगा हे नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांतून तयार झाले. निसान कंपनीच्या पॅट्रोल ६० या मॉडेलवर बेतलेली ही गाडी परवाना घेऊन जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ पासून बनू लागली आणि जवळजवळ तीस वर्षे सैन्याच्या कामी येत राहिली. सहा सिलिंडरांचे ३९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी व्यवस्था आणि जाड पोलादी पाट्यांवर बसवलेला साधा, चौकोनी सांगाडा. बेळगावात वाढलेल्या माणसाला ही गाडी ओळखायला शिकावे लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथे आहे, आणि कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालच्या रस्त्यांवरून जोंगा आणि निसान वन टन, शक्तिमान या लष्करी ट्रकांची ये-जा बघत आमच्या पिढीचे शाळेचे दिवस गेले. आजूबाजूच्या तालुक्यांत माजी सैनिक नसलेले गाव शोधावेच लागेल. त्यामुळे या गाड्यांविषयी इथे जी ओढ आहे तिचे मूळ हौसेपेक्षा घरातल्या कुणाच्या तरी नोकरीत असते.

आमची जोंगा थोरल्या काकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्याकडच्या एका लिलावात घेतली. जांबोटीच्या अंगाला आमची भातशेती आणि काजू आहे. पावसाळ्यात तिथला रस्ता म्हणजे नुसता चिखल असतो, आणि त्या चिखलातून खताची पोती ओढून नेणारी गाडी त्यांना हवी होती. शेतातले काम तिने चोख केले. पुढे पेट्रोल परवडेनासे झाले, ट्रॅक्टर आला आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. काकांनी तिची नागरी नोंदणी केली नव्हती, कारण डांबरी रस्त्यावर तिला आणायची त्यांना गरजच पडली नव्हती. मात्र लिलावात मिळालेला प्रत्येक कागद त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपून ठेवला होता. ही गाडी आज रस्त्यावर आहे याचे पहिले श्रेय त्या पिशवीला द्यावे लागेल.

सैन्यातल्या गाडीला नोंदणी नसते, असा समज सर्रास ऐकू येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ६० वाचले की तो दूर होतो. संरक्षणाच्या कामी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या गाड्यांची नोंदणी सरकारने त्यासाठी नेमलेले प्राधिकरण करते, आणि वर तोंड केलेल्या बाणाने सुरू होणारा तो नंबर हीच त्या गाडीची नोंदणी असते. बाणानंतरचे पहिले दोन अंक ती कोणत्या वर्षी सैन्यात आली हे सांगतात. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की गाडी संरक्षणाच्या कामातून निघाली की तिला कलम ३९ आणि ४० लागू होतात. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर आणण्याआधी तिची नोंदणी झाली पाहिजे, आणि मालक जिथे राहतो किंवा गाडी जिथे ठेवली जाते तिथल्या राज्यात ती झाली पाहिजे. लष्करी सेवेतून नागरी आयुष्यात येण्याची वाट कायद्याने अशी आधीच आखून ठेवलेली आहे. वाट अरुंद आहे, पण बंद नाही.

या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा कागद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ४७ मध्ये नावानिशी सांगितला आहे. नोंदणीसाठी फॉर्म २० मध्ये अर्ज करायचा आणि त्याला विम्याचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा वगैरे कागद जोडायचे, हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे. पण त्याच यादीत माजी लष्करी गाड्यांसाठी स्वतंत्र कलम आहे: संबंधित अधिकाऱ्यांनी फॉर्म २१ मध्ये दिलेला मूळ विक्री दाखला. मूळ हा शब्द इथे फार जड आहे. झेरॉक्स चालत नाही, व्यापाऱ्याने लिहून दिलेली पावती चालत नाही, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरचा करार तर मुळीच चालत नाही. दाखल्यावर खरेदीदाराचे नाव, चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचे वर्ष हे सगळे स्वच्छ आणि गाडीशी तंतोतंत जुळणारे असले पाहिजे.

लिलावात गाडी वाहन म्हणून विकली गेली होती की भंगार म्हणून, हा प्रश्नही इथेच सुटतो. बऱ्याच गाड्या व्यापारी एकगठ्ठा लॉटमध्ये उचलतात, कारण त्यांना पत्रा, टायर आणि गिअरबॉक्स हवे असतात. अशा लॉटमधली एखादी धडधाकट दिसणारी गाडी पुढे दोन-तीन हात बदलून आपल्यापर्यंत येते, विकणारा सैन्याच्या शिक्क्याचा कुठला तरी कागद दाखवतो, आणि आपल्याला वाटते की काम झाले. तो कागद डेपोच्या फाटकातून माल बाहेर काढण्याचा असू शकतो. त्यावर पासिंग होत नाही.

गावात ईएमई या सैन्याच्या दुरुस्ती दलातून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. सैन्यातल्या गाड्यांच्या दुरुस्तीत त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी शेडमधून बाहेर काढली त्या दिवशी मी रंगाविषयी काही विचारू लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवले. "रंग मागनं बघू की. आधी नंबर काढा." मग त्यांनी रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी घेतली आणि फ्रेमवर जिथे नंबर असतो तिथला तेलमातीचा थर हळूहळू पुसायला सुरुवात केली. तारेचा ब्रश त्यांनी हातात घेतला नाही. थर निघाला, खाली जुना हिरवा रंग लागला, तोही थिनरने सुटला, आणि पोलादात ठोकलेले अंक एकेक करून वर आले. त्यातला एक अंक तीन की आठ ते कळेना. मामांनी कडेने बॅटरीचा उजेड तिरपा धरला, तेव्हा अंकाच्या डाव्या अंगाला खाच नसल्याचे सावलीवरून दिसले; तो तीनच होता. त्यानंतर कागद लावून पेन्सिल आडवी फिरवली आणि पहिला चासी प्रिंट घेतला. काकांनी ट्रंकेतला फॉर्म २१ आणून शेजारी धरला. अंक जुळले.

हे काम आधी करण्याचे एक अगदी व्यवहारी कारण आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या, लेथ आणि ब्लास्टिंगवाले हाताशी असल्याने आमच्याकडे फ्रेम सरळ सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या फवाऱ्याने गंज काढायला, टाकायची सवय आहे. नंबर उथळ ठोकलेला असेल आणि वर चाळीस वर्षांचा गंज असेल, तर ब्लास्टिंगच्या एका फवाऱ्यात तो बोथट होतो. ग्राइंडर लागला तर संपलाच. बोथट झालेला किंवा परवानगीशिवाय पुन्हा पंच केलेला नंबर तपासणाऱ्याच्या नजरेत चोरीचीच खूण ठरतो, आणि तसे मानण्यात त्याचे काही चुकत नाही. आम्ही नंबरावर ग्रीस लावून, वर लोखंडी पट्टी बांधून मगच फ्रेम ब्लास्टिंगला पाठवली. जमिनीला जसा उतारा, तसा गाडीला चासी नंबर. तो गेला की बाकीचे सगळे असून मालकी सिद्ध होत नाही.

कागद जुळले तरी माणसाचे नाव जुळायचे होते, आणि ही अडचण सीमाभागातल्या घरांना चांगली परिचित आहे. काकांचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर नाव देवनागरीत. जमिनीच्या उताऱ्यावर ते कन्नडमध्ये. लिलावाच्या कागदावर इंग्रजीत, तेही डेपोतल्या कारकुनाने ऐकून टाइप केलेले. आणि आधार कार्डावर कन्नड व इंग्रजी दोन्हींत. आडनावातला एक दीर्घ स्वर चार कागदांवर चार तऱ्हांनी उतरला होता. त्यात फॉर्म २१ वर जिल्हा बेलगाम होता आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सगळ्या कागदांवर तो बेळगावी झालेला. हे सगळे एकाच माणसाचे आणि एकाच जागेचे उल्लेख आहेत असे प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये करून घ्यावे लागले. काकांना कन्नड उत्तम येते. त्यांनी ते स्वतः वाचून दोन शब्द दुरुस्त करवून घेतले आणि मगच सही केली. दुसरे प्रतिज्ञापत्र गाडीच्या मुक्कामाचे होते: ती इतकी वर्षे कुठे होती, कोणत्या कामी होती, रस्त्यावर फिरली का. शेतीच्या उताऱ्याची प्रत आणि पंचायतीचा दाखला त्याला जोडला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहनविषयक यादीत हा चासी नंबर चोरीच्या गाड्यांत नाही याची खात्रीही कागदावर आली. नोंदणीला एवढा उशीर का झाला, हा प्रश्न कुणीही विचारणारच; त्याचे सरळ आणि पुराव्यासह दिलेले उत्तर फाइलमध्ये आधीपासून असले की समोरच्याला संशय धरायला जागा राहत नाही.

विम्याने मात्र बराच घाम काढला. त्रयस्थ पक्षाचा विमा कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे आणि नोंदणीच्या अर्जालाही तो लागतो. एका कंपनीच्या संगणकावर उत्पादकांच्या यादीत जबलपूरची वाहन निर्माणीच नव्हती. यादीत नाव नसेल तर पॉलिसी निघत नाही, असे उत्तर देऊन त्यांनी आम्हाला परत पाठवले. शेवटी दुसऱ्या एका कंपनीतल्या जुन्या अधिकाऱ्याने चासी आणि इंजिन नंबरावर, फॉर्म २१ ची प्रत जोडून, हाताने प्रस्ताव तयार केला आणि वरून मंजूर करवून आणला. नोंदणीच्या ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवरही तीच गत असते. उत्पादक आणि मॉडेल यादीतून निवडावे लागते, आणि सरकारनेच बनवलेली, सरकारनेच वापरलेली आणि सरकारनेच विकलेली गाडी त्या यादीत पहिल्या खेपेला सापडत नाही. जोंगा, निसान वन टन आणि शक्तिमान ही तीन नावे सर्व राज्यांच्या यादीत कायमची घालून टाकली, तर कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचतील, असे मला मनापासून वाटते.

कराच्या वेळी आणखी एक गोष्ट समोर आली. कर्नाटकात मोटारीवर आजीवन कर एकदम भरावा लागतो आणि तो गाडीची किंमत व वय बघून ठरतो. जोंगा ही सैन्यासाठी बनलेली गाडी. शोरूममधला भाव तिला कुठून असणार? आम्ही लिलावाची रक्कम, डेपोचा दाखला आणि गाडीचे वर्ष असे तिन्ही कागद एकत्र लावून आकारणी लेखी मागितली. तोंडी आकडा कितीही सोयीचा असला तरी घेऊ नये, लेखीच घ्यावा. पुढे गाडी नावावर करताना किंवा दुसऱ्या राज्यात नेताना तोच कागद उपयोगी पडतो.

दुसऱ्या राज्याचा विषय आमच्यासाठी थोड्याच अंतरावरचा आहे. बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने निघाले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. तिथल्या शेतकऱ्याने अगदी अशीच जोंगा घेतली तर ती कोल्हापूरला एमएच-०९ खाली नोंदवली जाईल आणि आमची बेळगावला केए-२२ खाली. पै-पाहुणे, शेती आणि बाजार दोन्हीकडे असल्यामुळे, जिकडे कर कमी तिकडे नातेवाइकाच्या पत्त्यावर पासिंग करावे, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. कलम ४० राहण्याच्या किंवा गाडी ठेवण्याच्या जागेवर बोट ठेवते, आणि कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. ज्या गाडीचे सगळे भवितव्य तिच्या कागदांच्या खरेपणावर उभे आहे, तिच्या पहिल्याच नागरी कागदावर खोटा पत्ता घालणे मला पटले नाही. काकांनी तर तो विषयच कधी निघू दिला नाही.

याहून वाईट प्रकार कागद लावण्याचा. एखादी जुनी जीप मोडीत गेलेली असते, पण तिचे आरसी बुक जिवंत असते. ते बुक विकत घेऊन त्यावरचा नंबर डिस्पोजलच्या गाडीवर चढवतात. कुणी नंबराचा तुकडाच कापून दुसऱ्या फ्रेमवर वेल्ड करतो. गाडी फिरू लागते, वर्षानुवर्षे फिरतेही. अपघात झाला की विमा नाकारला जातो, आणि जखमी माणसाच्या भरपाईचा भार मालकाच्या अंगावर येतो. पण माझा राग तेवढ्यापुरता नाही. जबलपूरला बनून कुठल्या तरी डोंगरी ठाण्यावर वीस वर्षे राबलेली एक गाडी त्या क्षणी कागदोपत्री नाहीशी होते आणि तिच्या अंगावर भलत्याच गाडीचे नाव येते. जुनी गाडी जपतो असे म्हणणाऱ्या माणसाने हे करावे, हे मला सहन होत नाही.

इंजिनाचा प्रश्न याच धाग्यातला आहे. जोंगाचे सहा सिलिंडरांचे इंजिन पेट्रोल पिते, म्हणून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत जुनीच आहे. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांना नोंदणी देता येणार नाही, असे स्पष्ट केले. फॉर्म २१ वर एक इंजिन नंबर आणि गाडीत दुसरेच इंजिन, अशी गाडी तपासणीला नेऊन उभी करण्यात काही अर्थ नाही. आम्ही मूळ इंजिनच उघडले. ब्लॉक शाबूत होता. बोअरिंग उद्यमबागेत झाले, व्हॉल्व्ह गाइड आणि बुश तिथेच लेथवर करून घेतले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते खाते, म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. ज्यांच्याकडे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या आहेत त्यांनी हे टाळू नये. पाइप आतून फुगून फाटला तर तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडते.

पीयूसीची भीती लोक उगाच बाळगतात. नियम ११५ मधली मर्यादा गाडीच्या काळानुसार आहे. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम इतकी सवलत मिळते. व्हॉल्व्ह नीट बसलेले असतील, पॉइंटची गॅप बरोबर असेल आणि कार्ब्युरेटर स्वच्छ असेल, तर हे इंजिन त्या मर्यादेत आरामात राहते. आमचे राहिले.

रंगाविषयी नियम १२१ अगदी स्पष्ट आहे: ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणी लावायचा नाही. हौशी लोकांना हे जड जाते, आणि मला त्यांचे दुःख समजते, कारण तो रंग खरवडताना माझाही हात जड झाला होता. पुढच्या बंपरवर पॉलिश पेपर फिरवत गेलो तसे थर उलगडत गेले. सगळ्यात वर काकांनी एका दिवाळीला मारलेला निळा ऑइल पेंट, त्याखाली मळलेला हिरवा, त्याखाली आणखी गडद हिरवा, आणि त्या दोन हिरव्यांच्या मध्ये एका लहान चौकोनी चिन्हाची पुसट कड. डाव्या अंगाला पिवळ्या गोलाचा अर्धा भाग दिसला. गाडी कोणत्या ताकदीच्या पुलावरून जाऊ शकते हे सांगणारा आकडा सैन्यात अशा गोलात लिहितात. मामांनी आकडा वाचला आणि मान हलवली. प्रत्येक थराचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढले, मग बंपर उघड्या लोखंडापर्यंत नेला आणि सगळ्या गाडीला वाळूच्या छटेचा मातकट रंग दिला. बाणाचा नंबर, युनिटच्या खुणा, पिवळा गोल यांतले काहीही पुन्हा रंगवले नाही. त्या खुणा सेवेत असलेल्या गाडीच्या आहेत. फोटो मात्र फाइलमध्ये आहेत, आणि तिथेच त्यांची जागा आहे असे मी मानतो.

तपासणीआधी ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. चारही ड्रम टर्न करून नवे लायनर लावले, सिलिंडरांना नवी किट घातली, तांब्याच्या नळ्या बदलल्या. इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, मागचे रिफ्लेक्टर, दोन्ही आरसे आणि चालणारा स्पीडोमीटर या नागरी गरजाही पुऱ्या केल्या, कारण फिटनेस बघणारा अधिकारी गाडीची कीर्ती बघत नाही, वायपर फिरतो का ते बघतो. गाडीचे रिकामे वजन वजनकाट्यावर करून पावती घेतली.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर डीलरकडून घेतलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी प्रत्यक्ष दाखवावी लागत नाही. डिस्पोजलच्या गाडीला ती सवलत नाही. ती समोर उभी करावीच लागते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. ज्यांना आमच्याकडे अजूनही ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात त्या अधिकाऱ्यांनी प्रथम फाइल वाचली, मग खाली वाकून स्वतः चासी प्रिंट घेतला आणि आमच्या प्रिंटशी व फॉर्म २१ शी ताडून पाहिला. गाडी चालवून ब्रेक बघितले. काकांना कन्नडमध्ये त्यांनी एवढेच विचारले की इतकी वर्षे हा कागद सांभाळून का ठेवलात. काका म्हणाले, "साहेब, गाडी माझी आहे, म्हणून कागद ठेवला."

व्हिंटेज नोंदणी का नाही केली, असे अनेकजण विचारतात. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या (चालकाखेरीज आठपर्यंत प्रवासी नेणाऱ्या) चारचाकी गाड्यांना व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर देण्याची सोय केली. त्याची फी २०,००० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांची असते. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या कामासाठी फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे असल्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. आमची जोंगा ऐंशीच्या दशकातली असल्याने वयातही बसत नव्हती, आणि काकांना ती खानापूरच्या बाजारालाही न्यायची होती. शक्तिमान किंवा वन टन यांसारखे ट्रक तर एम-१ मध्ये येतच नाहीत. पहिल्या वर्षांतल्या ज्या जोंगा आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत, त्यांच्या बाबतीत पहिल्या नोंदणीची तारीख बाणाच्या नंबरापासून धरली जावी असे माझे ठाम मत आहे, कारण कलम ६० ची नोंदणी हीसुद्धा कायद्यानेच झालेली नोंदणी आहे.

इथून पुढे अशा गाड्या फारशा बाहेर येणार नाहीत. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवली जात नाही, आणि संरक्षणाच्या खास कामाच्या गाड्या सोडल्या तर बाकीच्या थेट नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात. म्हणून आधीच आपल्या गावांत येऊन पडलेल्या गाड्यांचे कागद शोधणे मला जास्त निकडीचे वाटते.

आमच्या गाडीवर केए-२२ ची पाटी लागल्यानंतर चंदगड तालुक्यातले एक निवृत्त नायक भेटायला आले. त्यांच्या वडिलांनी लिलावातच घेतलेली निसान वन टन घराच्या परड्यात उभी आहे, फॉर्म २१ मात्र कुठल्या तरी पावसात गळक्या छपराखाली भिजून गेला. मामा त्यांच्याबरोबर गेले आणि आधी फ्रेमवरचा नंबर रॉकेलने पुसून काढून आले. लिलावाचे वर्ष आणि डेपोचे नाव वडिलांच्या जुन्या वहीत सापडले. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली त्या डेपोला अर्ज लिहून विक्रीच्या नोंदीची प्रमाणित प्रत आम्ही मागितली आहे, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आहे, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर चासी प्रिंट चिकटवला आहे. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत दिली आहे. तोपर्यंत ट्रकच्या इंजिनाला हात लावू नका, असे मामांनी त्यांना बजावून ठेवले आहे.